गूगलवर ‘जुडी’ टाकलं की कोथिंबीर येते! वाचनालयासाठी फुकटच्या संदर्भ साइट सुचवा ना

वाचनालयवाली

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात ब वर्गाचं वाचनालय आहे, तिथं मी गेल्या जूनपासून ग्रंथपाल म्हणून लागलेय. कॉम्प्युटर एकच, तोही लाइट असली तर. संदर्भाच्या कपाटात विश्वकोशाचे नऊ खंड आहेत पण सलग नाहीत, मधले कोणी नेले ते नेलेच, एक जुना इंग्रजी-मराठी कोश आहे ज्याची ‘एस’च्या पुढची पानं उंदरांनी वाचलीत, आणि बाकी सगळ्या स्पर्धा परीक्षेच्या गाइडा. पैसे भरून घ्यायच्या डेटाबेसचं नाव जरी कमिटीसमोर काढलं तरी चहा थांबतो.

लोक मात्र प्रश्न घेऊन येतात हो. या महिन्यात मी ज्यांच्यासमोर नापास झाले ते सांगते:

एक आजोबा आले, हातात जुन्या कागदाची बालबोध नक्कल, कोणाकडून तरी मोडीतनं उतरवून घेतलेली. त्यात ‘फसली सन 1308 चैत्र वद्य’ असं काहीतरी आणि पुढं ‘जुडी’ असा शब्द. आजोबा म्हणाले हे साल कोणतं आणि जुडी म्हंजे काय तेवढं सांग बाई. मी गूगलला जुडी टाकलं तर कोथिंबीर, मेथी, आणि कोथिंबीर निवडून फ्रीजमध्ये कशी ठेवायची याचा व्हिडिओ. आजोबा शेजारीच बसलेले, स्क्रीनकडे बघत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरा, नववीतला पोरगा, ‘माझे गाव’ प्रकल्प. विकिपीडियावर त्याच्या गावावर दोन ओळी, त्यातली एक ‘येथील हवामान कोरडे आहे’.

तिसऱ्या आमच्या गावातल्याच बाई, कीर्तनपरंपरेवर पीएचडी करायचं म्हणतात, यावर आधी कोणी काय केलंय ते कुठं बघू म्हणतात.

आणि माझा स्वतःचा प्रश्न वेगळाच, तीनशे-साडेतीनशे नवी पुस्तकं आलीत, वर्गांक घालायचेत, डीडीसीचे (म्हणजे डेवीच्या दशांश वर्गीकरणाचे) खंड आमच्याकडं नाहीत.

तर गूगल सोडून, फुकटात, भरवशाचं असं तुम्ही लोक काय वापरता? नुसती यादी नको, यादी मिळतात खूप. कोणत्या प्रश्नाला कुठं जायचं ते सांगा.

---

बिनधास्त_सोलापूरकर

एआयला विचारा की ताई, एका सेकंदात सांगतंय. कशाला एवढी झंझट.

---

वाचनालयवाली

विचारलं की ओ दादा. एकदा 1886 म्हणालं, मी परत विचारलं तर माफी मागून 1916 म्हणालं. आजोबांना कोणतं सांगू?

---

दप्तरी_काका

नमस्कार. मी एकतीस वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथपालकी करून रिटायर झालो, आता नातवंडं आणि जुने कागद एवढंच. तुमच्या आजोबांचा प्रश्न वाचून बरं वाटलं, असे वाचक अजून आहेत म्हणायचे.

आधी जुडी. शिकागो विद्यापीठाची दक्षिण आशियाई भाषांच्या कोशांची एक साइट आहे, ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’, तिथं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1857ची दुसरी आवृत्ती) अख्खा शोधता येतो, देवनागरीत शब्द टाकला तरी चालतं. तिथंच दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश पण आहे, आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश पण, ज्ञानेश्वरी-लीळाचरित्रातले शब्द कोणी विचारले तर तिथं जायचं. एका जागी तिन्ही, एक पैसा नाही, नोंदणी नाही. जुडीचा भाजीवाला अर्थ खरा आहेच पण कागदातली जुडी म्हणजे इनाम जमिनीवर पूर्ण साऱ्याऐवजी घेतला जाणारा हलका सारा. म्हणजे आजोबांच्या घराण्याकडं बहुतेक इनाम जमीन होती, आणि कागद साऱ्याच्या हिशोबाचा असावा. हे मात्र तुम्ही छातीठोकपणे सांगू नका, अर्थ कोशातला सांगा, आणि निष्कर्ष काढायचं काम त्यांच्यावर सोडा. माझ्या उमेदवारीच्या काळात मी एकाला असंच उत्साहानं ‘तुम्ही वतनदार होता’ म्हणून सांगितलं, तो गृहस्थ थेट भावकीशी भांडायला गेला.

आता साल. फसली म्हणजे साऱ्याच्या हिशोबाचं जुनं वर्ष. आपल्याकडं फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतं, पण वर्ष जूनमध्ये मृगाला सुरू होतं त्यामुळं जून ते डिसेंबर 590 आणि जानेवारी ते मे 591. चैत्र वद्य म्हणजे 591वाला भाग, 1308 + 591 = 1899. एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला आठवडा. शुहूर सन (हीही जुनी कालगणना, कागदात आकड्यांचे अरबी शब्द असतात, ‘इहिदे’, ‘इसन्ने’ वगैरे) असेल तर 599 किंवा 600, आणि शके असेल तर 78 किंवा 79. हे तीन आकडे टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा, जन्मभर पुरतात. अठराव्या शतकातला किंवा त्याआधीचा कागद आला आणि तिथी-वार जुळवायचा असेल तर स्वामीकन्नू पिल्लै यांची ‘इंडियन एफिमेरिस’, म्हणजे तिथी-तारखांची कोष्टकं, इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन आहे, सन 700 ते 1799 पर्यंतची. बघायला किचकट आहे, पण एकदा हात बसला की मजा येते.

---

मराठवाड्याचा_मन्या

काका एक भर घालतो. आजोबांचं गाव नक्की कोणत्या बाजूचं ते विचारा. बार्शीच्या पलीकडं सरकलं की निजामाचा मुलूख, तिथंही फसलीच चालायचं पण नंतरच्या काळात वर्ष ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू व्हायचं. आमच्या घरच्या कागदांवर 1357 फसली आहे ते 1947-48चं, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शनचं वर्ष. जून ते सप्टेंबरमधल्या तारखेला गडबड होते, मुंबई इलाख्याचा हिशोब लावला तर एक वर्षाचा फरक पडतो. चैत्र असल्यामुळं तुमच्या कागदाला दोन्ही हिशोबांनी 1899च येतंय, सुटलात.

---

दप्तरी_काका

अगदी बरोबर. हे लिहायचं राहिलंच. धन्यवाद.

---

कोहावाली

हाय, मी कॉलेज लायब्ररीत आहे, वर्गांकाच्या प्रश्नावर लिहिते कारण त्यात मी बरीच डोकेफोड केलीय.

डीडीसीची चालू आवृत्ती फुकट नाही, तिची ऑनलाइन आवृत्ती वेबडेवी पैसे भरूनच. आधी ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेची ‘क्लासिफाय’ म्हणून फुकट सेवा होती, पुस्तकावरचा आयएसबीएन नंबर टाकला की जगभरच्या लायब्रऱ्यांनी त्या पुस्तकाला काय नंबर दिलाय ते दाखवायची, ती त्यांनी 2024च्या जानेवारीत बंद केली आणि मी त्या दिवशी खरंच सुतकात होते. अजून पुष्कळ जुन्या याद्यांमध्ये तिची लिंक असते, त्यावर वेळ घालवू नका.

आता मी काय करते, तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा कॅटलॉग. लोकांना वाटतं तिथं मराठी पुस्तक कशाला असेल, पण त्यांचं दिल्लीला ऑफिस आहे, ते आपल्याकडची पुस्तकं विकत घेऊन तिकडं पाठवतात, त्यामुळं मराठी पुस्तकं ढिगानं आहेत. गोम शोधण्यात आहे. आपण टाकतो तसं रोमन टाकलं तर शून्य रिझल्ट. त्यांची लिप्यंतराची पद्धत वेगळी आहे: शब्दाच्या शेवटचा ‘अ’ सोडायचा नाही, तिथं ए लागतो. ‘श’ला नुसता एस. ‘च’ला नुसता सी, एच लावला की तो ‘छ’ होतो. ‘व’ला व्ही, डब्ल्यू कधीच नाही. म्हणजे विश्वकोश शोधायचा तर व्ही-आय-एस-व्ही-ए-के-ओ-एस-ए. चरित्र म्हणजे सी-ए-आर-आय-टी-आर-ए. अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं नाही टाकली तरी सापडतं. हे कळायला मला दीड वर्ष लागलं, तोपर्यंत मी सगळ्यांना सांगत फिरत होते की तिथं मराठी काही नाहीये.

नोंद उघडली की मार्क व्ह्यू (क्रमांक घातलेल्या ओळींतली नोंद) बघा, 082 क्रमांकाच्या ओळीत डेवीचा नंबर असतो. असला तर. मराठी कथा-कादंबऱ्यांना बऱ्याचदा नसतो, फक्त त्यांचा स्वतःचा पीके वाला नंबर असतो, पण त्यानं आपलं अडत नाही कारण मराठी साहित्य 891.46, त्यात कविता 891.461, नाटक 891.462, कादंबरी-कथा 891.463, हे आपल्याला पाठच असतं. खरी गरज लागते ती शेती, आरोग्य, इतिहास, कायदा असल्या पुस्तकांना. तिथं त्याच विषयाचं इंग्रजी पुस्तक शोधायचं आणि त्याचा नंबर बघायचा. आणि कृपा करून पाच-सहा दशांशांपर्यंत नंबर लांबवू नका, तुमच्या वाचनालयात शेतीची चाळीस पुस्तकं असतील तर 633 आणि 635 वेगळं ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आयएसबीएन खरा आहे का हे बघायचं तर 978-81 किंवा 978-93 ने सुरू होणारे भारतातले. हल्ली एकच नंबर दोन पुस्तकांवर छापलेला पण बघितलाय मी, तेव्हा नंबरावर डोळे झाकून विश्वास नको.

सॉफ्टवेअर काय वापरता? कोहा फुकट आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या गावच्या लायब्ररीसाठी बनलेलं, 2000 सालापासून चालू आहे, कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. पण एकटीनं बसवायच्या भानगडीत पडू नका, कोणीतरी लिनक्स येणारं पाहिजे. एनआयसीचं ई-ग्रंथालय पण आहे.

---

वाचनालयवाली

ताई हे शेवटच्या ‘अ’चं सोनं दिलंत. आत्ता करून बघितलं, आमच्या कपाटातली चार पुस्तकं सापडली पण!! सॉफ्टवेअर वगैरे काही नाही, दाखलनोंदवही आहे फक्त, आणि माझं अक्षर.

---

पीडीएफसम्राट

एवढं कशाला, टेलिग्रामवर ग्रुप आहेत ना, सगळी मराठी पुस्तकं मिळतात, नवीन आलेली पण. लिंक हवी तर मेसेज करा. वाचकांना पेनड्राइव्हवर देऊन टाकायची, लोक खूश.

---

कोहावाली

दादा, नको. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरनं तर अजिबात नको. आपल्याकडं लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी 1950ला गेले, त्यांची पुस्तकं 1 जानेवारी 2011 पासून मोकळी झाली, ती खुशाल द्या पेनड्राइव्हवर, मी स्वतः देते. पण काल छापलेली कादंबरी स्कॅन करून वाटायची आणि परत आपणच ग्रंथप्रदर्शनात प्रकाशकाकडं जास्तीचं कमिशन मागायचं, हे कसं चालेल?

फुकट आणि रीतसर हवं असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर त्यांची बरीच पुस्तकं ई-बुक म्हणून उतरवून घेता येतात. लोकांना माहीतच नसतं. त्यात जुने दणदणीत ग्रंथ आहेत, जे आता छापील मिळायची मारामार.

---

पीडीएफसम्राट

बरं बरं. साठ वर्षांचं माहीत नव्हतं, मला वाटायचं जुनी दिसली की फुकट.

---

नकाशा_आणि_चहा

नववीतल्या पोराच्या गावाबद्दल. मी शाळेत शिक्षक, दर वर्षी हा प्रकल्प तपासतो आणि दर वर्षी तेच ‘हवामान कोरडे आहे’ तीसेक वह्यांत वाचतो, त्यामुळं हा विषय जिव्हाळ्याचा.

दोन ठिकाणी पाठवा त्याला. पहिलं, जनगणनेच्या साइटवर जिल्हा जनगणना पुस्तिका असते, 2011ची. त्यात गाववार माहिती आहे, कुटुंबं किती, शाळा कितवीपर्यंत, पाणी कशाचं, दवाखाना किती लांब, ओलिताखाली किती जमीन. पीडीएफ प्रचंड मोठी असते, मोबाइलवर उघडायला गेला तर मोबाइल झोपतो, तुम्ही कॉम्प्युटरवर एकदाच उतरवून ठेवा, सगळ्या तालुक्याच्या पोरांना वर्षानुवर्षं पुरेल. आकडे जुने झालेत हे मात्र त्याला वहीत लिहायला लावा.

दुसरं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. महाराष्ट्राच्या दर्शनिका विभागाच्या साइटवर पण आहेत आणि इंग्रजांच्या काळचे मूळ खंड इंटरनेट आर्काइव्हवर. सोलापूरचा 20वा खंड, 1884चा. शेवटचं प्रकरण गावांचं, अकारविल्हे, त्यात आठवडी बाजार कुठल्या वारी भरतो, देऊळ कोणाचं, जत्रा कधी हे पण कित्येक गावांचं दिलंय. शोधताना ‘सोलापूर’ चालणार नाही, तेव्हाच्या स्पेलिंगमध्ये एस नंतर एच आहे, ‘शोलापूर’. गावाचं नावही आजच्या स्पेलिंगनं सापडलं नाही तर तोंडानं म्हणून बघा, साहेबाच्या कानाला कसं ऐकू आलं असेल तसं टाका. लहान गाव असेल तर नसेलही, मग शेजारच्या मोठ्या गावाचं वाचायचं. माझ्या एका विद्यार्थिनीनं 1884चा बाजाराचा वार काढला आणि आजीला विचारलं, तर आजही तोच वार! पोरगी अख्खा आठवडा शाळेत सांगत होती.

एक सावधगिरी, साहेबानं जातींबद्दल जे लिहून ठेवलंय ते मुलांना तसंच उतरवू देऊ नका. त्या प्रकरणाकडं वळूच देऊ नका म्हटलं तरी चालेल नववीला.

---

शोधनिबंध_कधी_संपणार

पीएचडीवाल्या बाईंसाठी शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची साइट, देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध पूर्ण पीडीएफमध्ये. मराठी प्रबंधांची पंचाईत अशी की नाव कोणी देवनागरीत भरलंय, कोणी रोमनमध्ये, कोणी चक्क इंग्रजीत भाषांतर करून, म्हणून ‘कीर्तन’ टाकलं आणि काही आलं नाही म्हणजे काम झालेलं नाही असं समजू नका (मी समजले होते, गाइडनी फार ऐकवलं). विद्यापीठ निवडायचं, मग मराठी विभाग, आणि सगळी यादी डोळ्यांनी बघायची. कंटाळवाणं आहे पण खात्रीचं. आणि प्रबंध सापडला की आधी त्याची संदर्भसूची वाचायची, निम्मं काम तिथंच होतं.

जुनी मासिकं-वर्तमानपत्रं लागली तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथसंजीवनी’ आहे, आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या साइटवर दोलामुद्रितं, म्हणजे 1867पर्यंतची छापील मराठी पुस्तकं.

---

मांडवीकाठचा

गोंयातून नमस्कार. पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, 1832चं, त्यांच्याकडंही जुन्या वृत्तपत्रांचं डिजिटायझेशन झालेलं आहे, पोर्तुगीज जास्त पण मराठीही आहे. सोलापूरला किती उपयोग ते माहीत नाही, पण कीर्तनावर काम करणाऱ्या बाईंनी गोव्याकडं दुर्लक्ष करू नये, इकडं देवळादेवळांतून कीर्तन अजून जोरात आहे.

---

दप्तरी_काका

विश्वकोशाचे मधले खंड गेले म्हणालात, त्याचं दुःख करू नका. वाईच्या विश्वकोश मंडळानं सगळे 20 खंड साइटवर ठेवलेत, नोंदवार शोधता येतात. फक्त लक्षात ठेवा, पहिला खंड 1976चा आहे, त्यातल्या ‘अ’ने सुरू होणाऱ्या देशाची लोकसंख्या आज एमपीएससीच्या पोराला दिलीत तर पोरगा नापास आणि तुम्ही बदनाम. इतिहास, धर्म, वनस्पती, जुनी तंत्रं यासाठी मात्र अजून त्याच्या तोडीचं दुसरं नाही. अद्ययावत हवं असेल तर त्यांच्याच ज्ञानमंडळांच्या नव्या नोंदींची साइट वेगळी आहे. केतकरांचा ज्ञानकोशही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं ऑनलाइन केलाय, तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला, माहितीसाठी कमी आणि तेव्हाचा माणूस काय विचार करत होता यासाठी जास्त वाचावा. केतकरांची मतं ऐन नोंदीत घुसतात, वाचकाला आधी सांगून ठेवावं लागतं.

शासन निर्णय विचारायला खूप लोक येतील तुमच्याकडं, शिक्षक तर येतीलच. शासनाच्या जीआरच्या साइटवर सांकेतांक टाकून शोधतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा जीआर कोणी दाखवला तर त्यातला सांकेतांक बघा, पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असतात. वरची छापील तारीख आणि हे आकडे जुळत नसले तर शंका घ्यायची, आणि साइटवर सापडलाच नाही तर ‘आहे’ म्हणून सांगायचं नाही. आमच्याकडं एकदा पगारवाढीचा असा जीआर आला होता की लोकांनी पेढे वाटले होते.

आणि साइट हलतात हो. आज असलेली लिंक सहा महिन्यांनी ‘पान सापडले नाही’. ती लिंक वेबॅक मशीनमध्ये टाकून बघायची, पुष्कळदा जुनं पान तिथं जपलेलं असतं.

---

लाइट_गेली

लाइटचा प्रॉब्लेम वाचला म्हणून. किविक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो, नंतर नेट लागतच नाही. आमच्या आश्रमशाळेत जुन्या लॅपटॉपवर चालवतो. लाइट नसताना लॅपटॉपच्या बॅटरीवर पोरं वाचत बसतात. पुस्तिका, गॅझेटियर, बालभारतीच्या पीडीएफ हे सगळं पण एका हार्डडिस्कवर, आणि हार्डडिस्क कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं, कारण एकदा कोणीतरी त्यावर लग्नाचे व्हिडिओ भरले होते.

---

वाचनालयवाली

अहो काय लिहू, वाचूनच दमले. सगळ्यांना मनापासून थँक्यू.

काचेखाली 590/591 लागलं. जनगणनेची पुस्तिका उतरवायला रात्री लावली होती, पहाटे लाइट गेली, आज परत. पीएचडीच्या बाई शोधगंगेवर बसल्यात ते दुपारचा डबापण इथंच खाल्ला त्यांनी. बाजाराचा वार त्या पोराला सापडला नाही, गाव फारच लहान निघालं, पण शेजारच्या गावाची जत्रा सापडली आणि तो म्हणे ‘आमचंच दैवत तिकडं नेलंय’, आता त्यावर घरी वाद चालू आहे.

आजोबांना काल सांगितलं. गाव अलीकडच्याच बाजूचं, मुंबई इलाख्यातलं. 1899चा एप्रिल-मे, आणि जुडी म्हणजे हलका सारा, कोशातलं जसंच्या तसं वाचून दाखवलं, काकांनी सांगितल्याप्रमाणं पुढचं काही बोलले नाही. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘बरं झालं, कोथिंबीर नव्हती.’

आणि आज सकाळी कुलूप काढायच्या आधीच दारात. पिशवीत अजून अकरा कागद, पण यांची नक्कल नाही, सगळे मोडीत. मला मोडीतलं एक अक्षर येत नाही. काका, आहात का?

---

दप्तरी_काका

आहे. आधी कागदांना सेलोटेप लावलेली असेल तर ओढून काढू नका, आणि फोटो उन्हात नाही, सावलीत काढा. फोटो इथं उघड्यावर टाकू नका, घरचे कागद आहेत त्यांचे, आधी आजोबांना विचारा, ते हो म्हणाले तर मला मेसेजमध्ये पाठवा. एका वेळी एकच.